दोनदा दाबा, लागतो ब्रेक!

जुनी गाडी असलेल्या प्रत्येक घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘तिला तशी सवय आहे!’ दार जरा उचलून लावा, तिला तशी सवय आहे. सेकंड गिअर टाकताना थोडं थांबा, तिला तशी सवय आहे. पावसाळ्यात सकाळी तीनदा सेल्फ मारा, चौथ्यांदा नक्की स्टार्ट होते... वगैरे वगैरे. घरातल्या आजीच्या खोडी सांगाव्यात, तितक्या कौतुकानं हे पाहुण्यांना सांगितलं जातं. इथपर्यंत सगळं छान आहे. पण या यादीत ‘ब्रेक दोनदा दाबायचा, मग लागतो’ हे वाक्य आलं ना, की बॉस, कौतुक तिथंच थांबवायचं आणि चावी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकायची!

आमच्या औंढ्याच्या घरी हे वाक्य वर्षभर बोललं जात होतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या वर्षभरात ब्रेकबद्दल कुणीच काही बोललं नाही. सगळे बोलत होते ते अप्पांबद्दल. अप्पा म्हणजे माझे वडील. वय ७१, रिटायर्ड शिक्षक, आणि गाडीच्या बाबतीत कुणाचंही न ऐकणारे.

गाडी म्हणजे फेब्रुवारी १९९९ मध्ये घेतलेली छोटी हॅचबॅक. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी! म्हणूनच तिच्या नंबरप्लेटवर अजून परभणीचा एमएच २२ आहे. हिंगोलीचा एमएच ३८ नंतर आला. अप्पांना या २२ चा केवढा अभिमान! पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, आणि मग दर पाच वर्षांनी. २०१४, २०१९, २०२४... तिन्ही वेळा अप्पा कागदपत्रांची फाइल घेऊन स्वतः गेले. गाडी विका म्हटलं, की ते फक्त चष्मा पुसतात. विषय संपला.

तीन तक्रारी आणि एक आरोपी

२०२५ च्या एप्रिलमध्ये गुड फ्रायडेचा लाँग वीकएंड आला आणि मी पुण्याहून रात्रीच्या स्लीपरनं घरी निघाले. निघण्याआधीच फॅमिली ग्रुपवर मोहीम सुरू झाली होती. ‘अप्पांनी आता गाडी चालवू नये.’ मोहिमेचा प्रमुख बेंगळुरूचा माझा भाऊ. त्याच्यामागे काका, आत्या आणि शेजारचे दोघं. मुद्दा बिनतोड होता. पुढच्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला, आणि अप्पा म्हणत होते, ‘मीच नेतो. वसमतवरून तर जायचं.’

अप्पांविरुद्ध पुरावे तीन. पहिला, हिंगोलीला हळद मार्केटच्या बाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत उभे असताना गाडी पुढं सरकली आणि समोरच्या ट्रॉलीला टेकली. बंपरला खोच पडली. दुसरा, नागनाथाच्या देवळाजवळ उतारावर आत्याची वाट बघत थांबले होते, तर गाडी हळूच सरकत एका नारळवाल्याच्या गाड्यापर्यंत गेली. तिसरा, रेल्वे फाटकाला उभे असताना मागच्यानं हॉर्न मारला म्हणून बघितलं, तर गाडी हातभर पुढं गेलेली.

‘डुलकी लागते त्यांना,’ काका म्हणाले. ‘पायात जोर नाही राहिला,’ आत्या म्हणाली. ‘रिफ्लेक्सेस,’ भावानं एका शब्दात निकाल दिला.

अप्पांचं म्हणणं तिन्ही वेळा एकच होतं. ‘मी पाय ठेवलेलाच होता.’ पण ७१ वर्षांच्या माणसानं असं म्हटलं, की त्याचा अर्थ ‘त्यांना आठवत नाही’ असा लावायची पद्धत आहे. आपल्याकडे माणूस म्हातारा झाला, की त्याची साक्ष कुणी धरत नाही.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधले बग शोधणं. या कामात एक सवय लागते. कुणी ‘चालत नाही’ म्हटलं, की आधी विचारायचं, नेमकं कधी चालत नाही? कुठलं बटण दाबल्यावर? प्रत्येक वेळी की कधी कधी? बसमध्ये झोप येत नव्हती म्हणून मी या तीन तक्रारी शेजारी शेजारी मांडल्या. आणि एक गोष्ट चटकन दिसली. तिन्ही वेळा गाडी चालत नव्हती. उभी होती! अप्पांना धावत्या गाडीत ब्रेक मारायला उशीर झाला, असं एकदाही घडलं नव्हतं. रिफ्लेक्सेस गेलेला माणूस तर कुत्रं आडवं आल्यावर चुकायला हवा. हा माणूस फक्त थांबून राहताना चुकत होता. तेही दरवेळी उतारावर, पाय पेडलवर हलका ठेवून.

विचित्र आहे ना?

अंगणातली तीस सेकंदं

सकाळी अप्पा मला स्टँडवर घ्यायला आले, अर्थात गाडी घेऊनच. मी म्हटलं, ‘अप्पा, मी चालवते.’ पहिल्याच वळणावर कळलं. पेडल दाबलं तर बराच खाली गेलं, मऊ, ओल्या कणकेत बोट जावं तसं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं, तर वर आलं आणि गाडी व्यवस्थित थांबली. अप्पांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘दोनदा दाबायचं माय, मग लागतो. तिला तशी सवय आहे.’

सवय तिला नव्हती, अप्पांच्या पायाला लागली होती! हीच तर या दुखण्याची मेख आहे. ब्रेक एका दिवसात गेला असता तर अप्पांनी त्याच दिवशी गॅरेज गाठलं असतं. पण तो रोज थोडाथोडा खाली गेला आणि पाय रोज थोडाथोडा शिकत गेला. जो माणूस गाडी रोज चालवतो, त्यालाच हे सगळ्यात शेवटी कळतं. सहा महिन्यांनी येणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

घरी पोचल्यावर अंगणात, सपाट जागेवर गाडी लावली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पेडल दाबून धरलं, रेड सिग्नलला धरतो तेवढ्याच जोरानं. आणि मोबाइलवर तीस सेकंद लावले. पाच... दहा... पंधरा... पाय हलवला नाही, जोर वाढवला नाही, तरी पेडल लिफ्टसारखं सावकाश खाली चाललं होतं. पंचविसाव्या सेकंदाला ते जवळजवळ मॅटला टेकलं.

मग अप्पांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि म्हटलं, आता तुम्ही धरा, पण दुसऱ्यांदा दाबायचं नाही. त्यांनी धरलं. पेडल खाली गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मी पाय ठेवलेलाच होता.’

आता यातला विरोधाभास बघा. आमच्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा होतेय. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यात अणूच्या पोटातल्या प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल टिपली जाणार! आणि त्याच तालुक्यात आमच्या पायाखालचं पेडल चार इंच खाली गेलं, ते घरात वर्षभर कुणाला दिसलं नाही.

पेडल बसतं म्हणजे काय होतं?

घाबरू नका, फिजिक्सचा तास घेत नाहीये. फंडा एवढाच आहे, की द्रव पदार्थ दाबून लहान होत नाही. सतराव्या शतकात पास्कलनं सांगितलं, की बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाबलं, तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. तुमचं पेडल एक दट्ट्या ढकलतं. तो दट्ट्या ज्या नळीत असतो ती म्हणजे मास्टर सिलिंडर. त्यातलं ब्रेक ऑइल बारीक पाइपांतून चारही चाकांकडे जातं. पुढं डिस्कवर पॅड आवळले जातात, मागं ड्रममध्ये लायनर फाकतात. मधे बूस्टर नावाचा मोठा डबा असतो, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर तुमच्या पायाचा जोर वाढवतो. बस्स.

म्हणजे पेडल नीट असेल तर ते एका उंचीवर जाऊन ठाम थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर दोनच शक्यता. एकतर आत दाबली जाणारी एखादी गोष्ट शिरलीये, किंवा दाब कुठून तरी निसटतोय. आणि पेडल कसं खाली जातं, यावरून बरंच काही कळतं.

स्पंजसारखं लागतंय, आणि पंप केल्यावर वर येतंय? मग बहुधा पाइपात हवा आहे. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मेकॅनिकच्या भाषेत ‘एअर काढायची’. जुने रबरी होज पाइप फुगत असतील तरी असंच लागतं. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि होज पाइपला हात लावून बघा, फुगलेला जाणवतो.

पहिल्यांदा खूप खाली, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि तिथंच ठाम? मग मागचे लायनर झिजलेत किंवा त्यांचं ॲडजस्टमेंट सुटलंय. ड्रमपर्यंत पोचायलाच पेडलचा निम्मा प्रवास खर्च होतो. सोबत हँडब्रेकही जास्त वर ओढावा लागत असेल, तर संशय पक्का.

घाट उतरल्यावरच मऊ पडतं, एरवी ठीक? हा ऑइलचा दोष. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला की ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच! गाडी थंड झाली की पेडल शहाण्यासारखं वर येतं आणि तुम्हाला वाटतं, भास झाला.

पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही? हे नेमकं उलटं दुखणं. तिथं बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाइपकडे बघायचं.

आणि दाबून धरल्यावर सावकाश जमिनीला टेकतं? ही आमची केस. मग एक प्रश्न विचारायचा. ऑइल कमी होतंय का? होत असेल तर ते बाहेर गळतंय. चारही टायरांच्या आतल्या बाजूला ओल शोधा, पाइपांच्या जोडांवर शोधा, मास्टर सिलिंडर जिथं बूस्टरला टेकतो तिथं बोट फिरवून बघा. आणि ऑइल थेंबभरही कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं रबरी सील झिजलंय. दट्ट्या पुढं जातो, आणि ऑइल त्याला वळसा घालून मागं येतं. आतल्या आत.

एक सावधगिरीची सूचना. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबून कडक करा, दाबून धरा आणि मग इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली जाऊन थांबेल. हा दोष नाही, बूस्टर जिवंत असल्याची खूण आहे. थांबलं तर छान. थांबलंच नाही, तर वर लिहिलेलं पुन्हा वाचा.

चाचांचे दोन प्लग

औंढ्याला गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली एका चाचांचं गॅरेज आहे. गाडी तिथवर मीच नेली, पहिल्या गिअरमध्ये, उतार टाळून, भर दुपारी रस्ता रिकामा असताना. (ब्रेकचा भरवसा नसेल तर याहून चांगला उपाय म्हणजे मेकॅनिकलाच घरी बोलवा किंवा टो करा. आमचं अंतर दोन गल्ल्यांचं होतं.)

चाचांनी बॉनेट उघडलं, ऑइलच्या डबीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला. ‘ताई, ऑइल कमी झालं का मधे?’ अप्पांनी खिशातून छोटी डायरी काढली. हो, आमचे अप्पा पेट्रोल, हवा, पाणी सगळं तारखेनिशी लिहून ठेवतात! ऑइल वर्षभरात एकदाही भरलेलं नव्हतं. पातळी खुणेवरच होती. फक्त रंग हॉटेलातल्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा.

‘मग बाहेर नाही, आतच आहे,’ चाचा म्हणाले. पण तेवढ्यावर त्यांनी पार्ट मागवला नाही, आणि हे मला फार आवडलं. त्यांनी मास्टर सिलिंडरमधून चाकांकडे जाणारे पाइप सोडवले आणि त्या तोंडांना घट्ट प्लग बसवले. आता चाकं, होज, लायनर सगळे चित्राबाहेर. उरला एकटा मास्टर सिलिंडर. ‘बसा मास्तर, दाबा.’ अप्पांनी पेडल दाबून धरलं. प्लग लावल्यावर पेडल दगडासारखं थांबलं असतं, तर सिलिंडर निर्दोष आणि शोध चाकांकडे. पण ते याही वेळी सावकाश खाली गेलं.

याला म्हणतात आयसोलेट करणं! आमच्या ऑफिसात यासाठी दोन मीटिंगा आणि एक प्रेझेंटेशन लागतं.

मग मला सगळ्यात छळणारा प्रश्न मी चाचांना विचारला. सील झिजलंय तर धावत्या गाडीत ब्रेक लागत कसा होता? त्यांनी जुना सिलिंडर उघडून दाखवला. सील वाटीसारखं असतं, तोंड पुढं. जोरात, झटकन दाबलं, की ऑइलचा दाब या वाटीच्या कडा फाकवून भिंतीला चिकटवतो, म्हणून झिजलेलं सीलसुद्धा धरतं. पण हलक्या पायानं, सावकाश दाबलं, की कडा नीट चिकटत नाहीत आणि ऑइल कडेनं मागं सरकतं. म्हणजे कुत्रं आडवं आलं तर ब्रेक लागणार, आणि रांगेत निवांत उभं राहिलं तर सुटणार!

तिन्ही तक्रारींचं उत्तर त्या वाटीत होतं. अप्पांनी काही न बोलता ते सील हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं. मास्तर माणूस. वर्गात नमुना फिरवतात तसं त्यांनी ते माझ्याकडे दिलं, मी आईला दाखवायला रुमालात बांधून घेतलं.

किट की नवा सिलिंडर?

इथं प्रत्येक गॅरेजमध्ये एक मोह समोर येतो. नुसतं सीलचं किट टाकलं तर काही शेकड्यांत काम होतं. चाचांनी सिलिंडरच्या आत टॉर्च मारला. भिंतीवर बारीक खड्डे पडले होते. जुन्या ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्यानं धातू खाल्ला होता. खडबडीत भिंतीवर नवं सील म्हणजे खडीच्या रस्त्यावर नवं टायर. काही महिन्यांत पुन्हा तेच. त्यामुळे पूर्ण नवा मास्टर सिलिंडरच घ्यायचं ठरलं. पार्ट नांदेडहून एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी आला. सोबत मागचे लायनर ॲडजस्ट केले, सगळं ऑइल बदललं. मजुरीसकट खर्च साडेतीन हजारांच्या आत. म्हणजे पुण्यात चार जणांच्या एका वीकएंड डिनरचं बिल!

नवा सिलिंडर गाडीत बसवण्याआधी चाचांनी तो शिकंज्यात आवळून, ऑइल भरून, दट्ट्या हळूहळू ढकलत त्यातली हवा काढली. हे आधी केलं नाही, तर नंतर गाडीवर एअर काढता काढता संध्याकाळ होते. मग चाकांची पाळी. मी पेडलवर, चाचा चाकापाशी. ‘दाबा... धरून ठेवा... सोडू नका... हां, आता सोडा.’ निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. नळीतून आधी काळं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ. डबीतलं ऑइल मधेच संपू द्यायचं नाही, हे काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं आणि परीक्षेतल्या सुपरवायझरसारखं निभावलं.

तुम्ही कधी हे बघायला उभे राहिलात, तर एवढं लक्षात ठेवा. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला लावा. अर्धा वापरून वर्षभर कपाटात पडलेलं ऑइल म्हणजे पाणी प्यालेलं ऑइल. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय, तेच भरा. ‘ऑइल’ म्हणतात म्हणून इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबर फुगून सगळी सिस्टीम बाद होते. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उतरतो. आणि साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, गाडी कितीही कमी चालत असली तरी. उलट कमी चालणाऱ्या गाडीतलंच ऑइल विसरलं जातं.

आणि चालत्या गाडीत पेडल गेलं तर?

देव करो आणि अशी वेळ न येवो. पण आली तर क्रम डोक्यात पाहिजे. पेडल भराभर पंप करा, बहुतेक वेळा थोडा तरी दाब तयार होतो. आजच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन वेगळे भाग असतात. एक गेला तरी दुसरा दोन चाकं थांबवतो, फक्त पेडल खूप खाली जातं आणि अंतर जास्त लागतं. सोबत एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नका, बूस्टर जातो आणि चावी काढली तर स्टीअरिंगही लॉक होतं. हॉर्न, हॅझार्ड, डावी कड, आणि जमलं तर चढाचा रस्ता. आणि हो, पेडलखाली पाण्याची बाटली घरंगळत गेली नाही ना, हेही बघा. हसू नका, असं होतं!

मोहीम रद्द, पण अर्धीच

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी भावाला अंगणातली टेस्ट लाइव्ह दाखवली. तीस सेकंद, पेडल जागच्या जागी. मग ते सील कॅमेऱ्यासमोर धरलं. तो जरा वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, ‘अप्पांना दे फोन.’ काय बोलले ते मला माहीत नाही, मी मुद्दाम आत गेले. बाहेर आले तेव्हा अप्पा चष्मा पुसत होते, पण यावेळी विषय संपवण्यासाठी नाही.

आता कुणाला वाटेल, चला, पेडल दुरुस्त, अप्पा निर्दोष, हॅपी एंडिंग. तसं अगदीच नाही. अप्पा ७१ चे आहेत हे खरंच आहे. सोमवारी मी विषय काढला, तेव्हा आमचं पहिल्यांदाच नीट बोलणं झालं. कारण यावेळी त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. वर्षभर सगळे त्यांना खोटं पाडत होते, त्यामुळे त्यांनी एकही गोष्ट मान्य केली नव्हती. आता ते आपणहून म्हणाले, ‘रात्री समोरच्या लाइटनं त्रास होतो माय. अंधार पडल्यावर नको.’ आईच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतःचेही डोळे तपासून घ्यायचं त्यांनी कबूल केलं. नांदेडला जाताना गाडी त्यांनी नेली, सकाळच्या उजेडात. येताना मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतले.

मला वाटतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच चाललंय. आपण पुण्यात, मुंबईत, बेंगळुरूत. आईवडील गावाकडे. दोघांकडे जुनं होत चाललेलं बरंच काही. फोनवर कळतं ते एवढंच, की ‘हल्ली त्यांच्याकडून असं होतं’. मग आपण लांबून निकाल देतो, कारण निकाल द्यायला लीव्ह लागत नाही. पण गुडघ्याला, कानाला, मोबाइलच्या स्क्रीनला, बाथरूमच्या फरशीला, कशालाही दोष असू शकतो. माणूस सोडून बाकी सगळं तपासून झालं का, एवढं तरी विचारावं. तपासल्यावर माणसाकडेच बोट आलं, तर तेही मग प्रेमानं सांगता येतं.

तर पुढच्या लाँग वीकएंडला घरी गेलात, की फराळ, फोटो, झोप सगळं करा. फक्त एकदा गाडीची चावी मागून घ्या. सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू. पेडल हलक्या पायानं दाबून धरा आणि तीस अंक मोजा. पेडल थांबलं, तर चहा प्यायला आत जा. नाही थांबलं, तर आधी गॅरेजला फोन करा. फॅमिली ग्रुपवर नंतर लिहा.